वाळवलेले संत्रे: चकती, साल आणि त्यांचे घरातले उपयोग

विदर्भात संत्र्याचे दोन बहर धरले जातात. अंबिया बहराची फळे दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतात, तर मृग बहराची फळे साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे माघ-फाल्गुनात येतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांना संत्री वाळवून ठेवायची आहेत, त्यांनी या दुसऱ्या बहरासाठी थांबावे, असे माझे मत आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. कार्तिक-मार्गशीर्षात इथे सकाळी धुके आणि दव असते, ऊन उशिरा चढते आणि लवकर उतरते. माघ अर्धा सरला की हवा कोरडी होते, ऊन तापू लागते, आणि पापड-सांडग्यांच्या वाळवणांनी गच्ची भरून जायला अजून अवकाश असतो. उघड्यावर फळ वाळवायचे तर दिवसाचे तापमान निदान ३० अंश सेल्सिअस असावे आणि हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी, असा ठोकताळा आहे. तो आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून वळवाच्या पावसापर्यंतच नीट जमतो.

या भागाला वाळवण्याची कला नवी नाही. संकेश्वरच्या मिरच्या, निपाणीचा तंबाखू आणि अथणीकडचा बेदाणा हे सगळे वाळवण्यावरच उभे आहेत. त्यातही अथणीच्या बेदाणा शेडकडून संत्र्यासाठी शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे द्राक्षे थेट उन्हात न टाकता सावलीत, जाळ्यांवर पसरतात आणि खालून-वरून वारा खेळता ठेवतात, त्यामुळे बेदाण्याचा रंग टिकतो. संत्र्याच्या सालीला हेच तंत्र लागू पडते. गराच्या चकत्यांना मात्र ऊन लागते, कारण त्यांच्यातले पाणी पुष्कळ जास्त असते आणि ते पहिल्या दोन दिवसांत हटले नाही तर चकती आंबते.

फळाची निवड

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची साल सैल असते, सोलताना ती एका अखंड तुकड्यात निघते, तिच्यात पांढरा भाग कमी असतो आणि सुगंधी तेल भरपूर असते. म्हणून सालीसाठी नागपुरी संत्र्याची बरोबरी दुसरे फळ करीत नाही. परंतु हीच सैल साल चकत्यांसाठी गैरसोयीची ठरते, कारण सुरी लागताच साल एकीकडे आणि फोडी दुसरीकडे होतात. अखंड, गोल चकत्या हव्या असतील तर घट्ट सालीचे फळ घ्यावे. मोसंबी चालते, बाहेरून येणारी घट्ट सालीची गोड संत्री चालतात, आणि पंजाबकडून येणारा किन्नूही चालतो, फक्त त्यात बिया फार असतात. नागपुरी संत्र्याचा गर वाळवायचाच असेल तर तो फोडींच्या रूपात वाळवावा. त्याची रीत पुढे दिली आहे.

बियांकडे दुर्लक्ष करू नये. संत्र्याच्या बियांमध्ये आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात असे एक द्रव्य असते, जे फळ अखंड असताना बेचव असते; फळ कापले, आम्लाशी त्याचा संबंध आला आणि त्याला उष्णता मिळाली की त्याचे लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. म्हणूनच ताजे खाताना गोड लागलेले संत्रे वाळल्यावर कडू लागू शकते. प्रत्येक बी टोकदार सुरीने काढून टाकली तर हा कडवटपणा बराच आवरता येतो.

फळ पूर्ण पिकलेले पण घट्ट असावे. मऊ पडलेले, देठाशी काळे झालेले किंवा बुरशीचा ठिपका असलेले फळ, तेवढा भाग कापून टाकूनसुद्धा, वाळवणात घेऊ नये. बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. साल खायची असल्याने फळ धुण्याची काळजी नेहमीपेक्षा जास्त घ्यावी लागते. चकाकणाऱ्या फळांवर बहुधा मेणाचा थर दिलेला असतो. कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून फळे दहा मिनिटे ठेवावीत, मऊ ब्रशने घासावीत, स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावीत आणि फडक्याने कोरडी पुसावीत. फवारणीचे अवशेष या धुण्याने कमी होतात, सगळे जात नाहीत. म्हणून बागेची माहिती असलेले फळ मिळाले तर सालीसाठी तेच राखून ठेवावे, आणि मेण दिलेल्या फळाची साल खाण्याऐवजी घरातल्या इतर कामांना लावावी.

चकत्या, फोडी आणि साल वाळवणे

चकत्यांची जाडी हा या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. चार ते सहा मिलिमीटर जाडीची, सगळीकडे सारखी चकती उत्तम. त्याहून पातळ चकती वाळता-वाळता कापडाला चिकटून फाटते आणि त्याहून जाड चकती वरून कडक होते, आत मात्र ओली राहते. विळीवर अशी एकसारखी चकती निघणे अवघड असते. दातेरी पात्याची पाव कापायची सुरी या कामाला सर्वांत सोयीची. फळ आडवे धरून, देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या रेषेशी काटकोनात कापावे, म्हणजे फोडींची चक्राकार नक्षी दिसते. दोन्ही टोकांचे तुकडे साल वाळवण्यासाठी बाजूला ठेवावेत.

कापलेल्या चकत्या स्वच्छ पंचावर पसरून वरून दुसऱ्या फडक्याने हलके टिपाव्यात, म्हणजे सुटलेला रस निघून जातो. नंतर त्या बांबूच्या सुपात, परडीत किंवा स्टीलच्या जाळीवर, एकमेकींना न चिकटता मांडाव्यात. ॲल्युमिनियमचे ताट, लोखंडी पत्रा किंवा कल्हई नसलेले पितळ वापरू नये, कारण संत्र्यातले आम्ल धातूला लागते आणि चकतीला कळकट चव व रंग येतो. वरून मलमलीचे कापड ताणून बांधावे. ते चकत्यांना टेकता कामा नये. सूप जमिनीवर ठेवण्याऐवजी दोन विटांवर किंवा बाजेवर ठेवावे, म्हणजे खालूनही वारा लागतो. सकाळी दव उडाल्यावर बाहेर काढावे, दुपारी एकदा चकत्या उलटाव्यात, आणि ऊन उतरू लागताच घरात घ्यावे. रात्रभर बाहेर राहिलेले वाळवण दिवसभरात गमावलेले पाणी पुन्हा ओढून घेते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तीन ते पाच दिवसांत चकत्या तयार होतात.

नागपुरी संत्र्याच्या फोडींना पातळ पण चिवट आवरण असते आणि ते पाणी सहज बाहेर सोडत नाही. म्हणून फोड वेगळी करून, पांढरे तंतू काढून, पाठीच्या बाजूने एक उभी चीर द्यावी, बी काढावी आणि चीर वर ठेवून फोड वाळत घालावी. चीर न दिलेली फोड बाहेरून सुकल्यासारखी दिसते आणि बरणीत गेल्यावर आतला रस सोडते.

सालीचे काम सोपे आहे. साल सोलल्यावर आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने थोडा खरवडावा. तो सगळा काढण्याची गरज नाही, कारण पोषणाच्या दृष्टीने त्यातच बरेच काही असते. मसाल्यासाठी किंवा चहासाठी साल हवी असेल तर बोटभर लांबीच्या पट्ट्या कराव्यात, भुकटीसाठी तुकडे लहान चालतात. साल वाऱ्याशीर सावलीत वाळवावी. कडक उन्हात तिचा रंग फिकटतो आणि तिच्यातले उडून जाणारे तेल, म्हणजे ज्याच्यासाठी आपण ती वाळवतो तो सुगंधच, कमी होतो. सावलीत तीन-चार दिवस ठेवून शेवटी अर्धा तास उन्हात फिरवून आणली तरी पुरे.

खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला, जंगल आणि दीर्घ पावसाळा यांमुळे हवा दमट असते. तिथे आणि इतरत्रही ज्यांना पावसाळ्यात किंवा थंडीत हे काम करायचे आहे, त्यांनी यंत्राचा आधार घ्यावा. डिहायड्रेटरमध्ये ५५ ते ६० अंशांवर चकत्या साधारण दहा ते बारा तासांत वाळतात. ओटीजी, म्हणजे घरातला विजेचा छोटा ओव्हन, बहुधा इतक्या कमी तापमानावर चालत नाही. तो सर्वात कमी आचेवर ठेवून, दारात लाकडी चमचा अडकवून वाफेला वाट करून द्यावी आणि दर तासाला चकत्या पाहाव्यात. घाई म्हणून सुरुवातीलाच आच वाढवली तर बाहेरचा थर कडक होऊन आतले पाणी कोंडले जाते. चुलीवरच्या माळ्यावर साल वाळते खरी, पण तिला धुराचा वास लागतो. रश्श्यात तो खपतो, चहात खपत नाही.

वाळले की नाही, हे कसे ओळखावे

तपासणी नेहमी गार झाल्यावर करावी, कारण गरम चकती वाळलेली असली तरी मऊ लागते. गार चकती दोन बोटांत दाबल्यावर ओल सुटू नये, ती चामड्यासारखी लवचीक असावी किंवा, अधिक वाळवली असल्यास, काचेसारखी मोडावी. साल मात्र कडकन मोडलीच पाहिजे. वाकणारी साल भुकटी करताना मिक्सरच्या पात्याला चिकटते आणि भुकटीत गुठळ्या होतात.

यानंतरची एक पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि पुढे पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. एकाच सुपातल्या सगळ्या चकत्या सारख्या वाळलेल्या नसतात. म्हणून त्या काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून, झाकण लावून, आठवडा ते दहा दिवस रोज हलवाव्यात. ओलसर चकत्यांमधले पाणी कोरड्या चकत्यांकडे जाऊन ओल सगळीकडे सारखी होते. या काळात काचेच्या आतून बाष्प दिसले तर सगळा माल पुन्हा एक दिवस वाळवावा, आणि बुरशी दिसली तर निवडत न बसता सगळा टाकून द्यावा. उन्हात उघड्यावर वाळवलेल्या फळावर किडीची अंडी असण्याची शक्यता राहते. ती नाहीशी करण्यासाठी वाळलेला माल पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ४८ तास ठेवावा, किंवा ओव्हनमध्ये सुमारे ७० अंशांवर अर्धा तास तापवावा. फ्रीजरमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर चकत्यांवर पाणी धरते.

साठवण काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, अंधाऱ्या आणि गार जागी करावी. सुमारे १५ अंशांच्या गारव्यात वाळवलेली फळे वर्षभर टिकतात, २७ अंशांच्या आसपास तोच काळ सहा महिन्यांवर येतो. आपल्याकडे खरा धोका उन्हाळ्यापेक्षा मृग ते भाद्रपद या काळातल्या दमट हवेचा आहे. म्हणून एका मोठ्या बरणीऐवजी लहान-लहान बरण्या भराव्यात आणि पावसाळ्यात एका वेळी एकच उघडावी.

पोषण: काय राहते आणि काय जाते

वाळवलेल्या संत्र्याबद्दल बरेच अतिशयोक्त बोलले जाते, म्हणून हा भाग आकड्यांनिशी पाहणे बरे. ताज्या संत्र्यात ८५ ते ८७ टक्के पाणी असते. सैल सालीच्या संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ५३ किलोकॅलरी ऊर्जा, दहा-साडेदहा ग्रॅम साखर, जवळपास दोन ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि १६५ मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. वाळवल्यावर पाणी १५ टक्क्यांच्या जवळ येते, म्हणजे एक किलो गराचे १५० ते १७० ग्रॅम उरतात आणि जे उडून किंवा नासून जात नाही ते सगळे जवळपास सहापट घट्ट होते. त्यामुळे १०० ग्रॅम वाळवलेल्या गरात ३०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा आणि साठ ग्रॅमच्या घरात साखर येते. बेदाण्याचे आकडेही जवळपास हेच आहेत. तंतुमय पदार्थ दहा ग्रॅमच्या आसपास येतात आणि चकती सालीसकट असेल तर त्याहून जास्त. पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखी खनिजे वाळवण्याने नष्ट होत नाहीत.

क जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सैल सालीच्या ताज्या संत्र्यात १०० ग्रॅमला सुमारे २७ मिलिग्रॅम, तर घट्ट सालीच्या गोड संत्र्यात ५० मिलिग्रॅमच्या थोडे वर क जीवनसत्त्व असते. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते, असे भारतीय आहारमान सांगते. हे जीवनसत्त्व हवा, उजेड आणि उष्णता या तिन्हींनी नासते, आणि गच्चीवरच्या वाळवणाला या तिन्ही गोष्टी दिवसचे दिवस लागतात. म्हणून ताज्या फळाच्या आकड्याला सहाने गुणून वाळवलेल्या चकतीत भरमसाट क जीवनसत्त्व असल्याचे जे छापले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये. डिहायड्रेटरमध्ये काही तासांत वाळवलेल्या चकतीत ते उन्हातल्यापेक्षा जास्त उरते एवढेच म्हणता येईल. ज्यांना ज्वारीच्या भाकरीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून क जीवनसत्त्व हवे आहे, त्यांनी जेवताना ताजे लिंबू पिळावे. ते स्वस्त आणि खात्रीचे आहे.

सैल सालीच्या संत्र्याला केशरी रंग देणाऱ्या द्रव्यांपैकी काहींपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ही द्रव्ये उष्णतेपेक्षा उजेडाने जास्त कमी होतात आणि म्हणूनच अंधारी साठवण महत्त्वाची. पांढऱ्या भागात पेक्टिन हा विरघळणारा तंतुमय पदार्थ आणि हेस्पेरिडिन हे द्रव्य असते. पेक्टिनचे औद्योगिक उत्पादन मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालीपासूनच होते.

साल कागदावर गरापेक्षा सरस ठरते. ओल्या सालीच्या १०० ग्रॅममध्ये साडेदहा ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ, सुमारे १६० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. तिच्यात पाणी ७२ टक्क्यांच्या जवळ असल्याने ती वाळून साधारण तीस टक्के उरते, म्हणजे वाळलेल्या सालीचा तिसरा हिस्सा नुसता तंतुमय पदार्थ असतो. पण इथेही हिशेब चमच्याने करावा. सालीची भुकटी आपण एका वेळी फार तर दोन ग्रॅम खातो आणि दोन ग्रॅममध्ये कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅम येते. सालीची खरी किंमत तिच्या सुगंधात आहे. पोषण हा तिचा वरकड लाभ समजावा.

चकत्या खाताना प्रमाण ठेवावे. आठ-दहा ग्रॅम चकत्या म्हणजे लहानशा ताज्या फळाइतक्या होतात. मात्र पाणी नसल्याने पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि मूठभर सहज संपतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. चिकट गोड तुकडा दातांत अडकून राहतो, म्हणून मुलांना दिल्यावर चूळ भरायला लावावी. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांची साल किंवा चकत्या संत्र्याऐवजी वापरण्याचा मोह टाळावा. या फळांतली काही द्रव्ये कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा शरीरावरील परिणाम वाढवतात.

स्वयंपाकातले उपयोग

साल मसाला म्हणून वापरण्याची परंपरा आशिया आणि युरोपात जुनी आहे. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुई भागाची वाळवलेली साल प्रसिद्ध आहे आणि ती वर्षानुवर्षे मुरवून वापरतात. जपानच्या सात जिन्नसांच्या तिखट मसाल्यात वाळवलेली संत्रासाल असते. इराणमध्ये कडू नारिंगाच्या सालीच्या काड्या अनेकदा उकळून, पाणी ओतून देऊन, कडवटपणा घालवून भातात घालतात. फ्रान्सच्या दक्षिण भागात मांसाच्या रश्श्यात सालीचा तुकडा सोडतात. ही शेवटची रीत आपल्या मटणाला चांगली मानवते. खड्या मसाल्याबरोबर तेलात बोटभर सालीची एकच पट्टी परतावी, रस्सा उकळून झाल्यावर ती काढून टाकावी. दोन पट्ट्या घातल्या तर रस्सा कडवट होतो. मसालेभातात तमालपत्राच्या जोडीने अशीच एक पट्टी पुरते.

कर्नाटकात संत्र्याच्या सालीचा गोज्जू करतात आणि सीमाभागातल्या मराठी घरांनी तो जरूर करून पाहावा. एरवी तो ताज्या सालीचा होतो, वाळलेल्या सालीचा करताना भिजवण्याची पायरी वाढते. २५ ग्रॅम वाळलेली साल गरम पाण्यात तासभर भिजवावी, दहा मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे, चव घेऊन पाहावी आणि कडवटपणा जास्त वाटल्यास पुन्हा एकदा उकळावी. नंतर साल बारीक चिरावी. तेलात मोहरी, थोडी मेथी, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात साल दोन मिनिटे परतावी, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, चिंचेला पुरेल इतका गूळ, लाल तिखट, हळद आणि मीठ घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत, सुमारे पंधरा-वीस मिनिटे, शिजवावे. सालीतल्या पेक्टिनमुळे तो आपोआप दाटतो, पीठ लावावे लागत नाही. फ्रीजमध्ये तो आठवडाभर चांगला राहतो आणि गरम भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर खाता येतो.

चहासाठी दोन कप पाण्यात सालीचा एक तुकडा आणि आल्याचा काप उकळावा. दुधाच्या चहात चकती घालू नये, आम्लामुळे दूध फाटण्याची शक्यता असते. साल त्या मानाने चालते. रव्याच्या लाडवात वेलदोड्याच्या जोडीला अर्धा चमचा सालीची भुकटी घातली तर तुपाचा जडपणा कमी वाटतो. गोकाकच्या पद्धतीचे करदंट घरी करणाऱ्यांनी अंजिराच्या काही भागाऐवजी बारीक कापलेल्या, बी नसलेल्या फोडी घालाव्यात. डिंक, खोबरे आणि गुळाच्या गोडव्यात तो आंबटपणा चांगला उठून दिसतो. बेळगावी कुंद्यात मात्र संत्रे घालू नये. आटवलेल्या दुधाची चव हेच त्याचे सर्वस्व आहे आणि सालीचा सुगंध ती पुरती झाकून टाकतो.

भुकटी करताना साल आधी अर्धा तास उन्हात ठेवावी, थोडी-थोडी घेऊन मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवावी, म्हणजे पाते तापून सुगंध उडत नाही, आणि चाळून लगेच बरणीत भरावी. अखंड साल जितकी टिकते तितकी भुकटी टिकत नाही. म्हणून महिना-दीड महिना पुरेल एवढीच करावी.

स्वयंपाकघराबाहेर

दिवाळीच्या उटण्यात संत्रासालीची भुकटी मसूरडाळ, आंबेहळद, नागरमोथा आणि कचोरा यांच्याबरोबर घातली जाते. नाजूक त्वचेला ती झोंबू शकते. म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, भुकटी वस्त्रगाळ असावी, आणि पुरळ किंवा जखम असलेल्या जागी लावू नये. मेण दिलेल्या फळाची साल उटण्यातही घेऊ नये.

कपड्यांच्या कपाटात ठेवण्यासाठी मलमलीच्या पुरचुंडीत साल आणि चार-पाच लवंगा बांधाव्यात. महिन्याभराने वास मंदावला की पुरचुंडी हाताने चुरगळावी, सालीतले उरलेले तेल मोकळे होते. युरोपात नाताळला वाळवलेल्या चकत्या दोऱ्यात ओवून झाडावर टांगतात. आपल्याकडे त्याचे तोरण होऊ शकते, पण चकत्यांना मुंग्या लागतात हे ध्यानात ठेवून ते दारापेक्षा खिडकीत, उंचावर बांधावे.

वर्ष उलटलेली, वास गेलेली किंवा मेणाच्या फळाची म्हणून बाजूला ठेवलेली साल चूल किंवा बंब पेटवायला उत्तम असते. तिच्यातले तेल ज्वलनशील असल्याने ओलसर लाकूडही तिच्या जाळावर लवकर धरते. याच कारणाने वाळत घातलेली साल गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या समईपाशी पसरून ठेवू नये.